वाढणं

मागच्या जुलैत आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये, कव्हर घातलेल्या एका स्कूटरखाली, कुत्रीचं पिल्लू सापडलं. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. वॉचमनकाका म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वाट बघू, आई आली तर घेऊन जाईल." आई आली नाही. मी पिल्लाला टॉवेलात गुंडाळून चौथ्या मजल्यावर आणलं. खाली ठेवल्या ठेवल्या ते माझ्या चपलेचा अंगठा चोखायला लागलं, आणि मला पहिला प्रश्न पडला. हिला खायला काय द्यायचं? आणि किती?

प्रश्न साधा वाटतो. मलाही वाटला होता. पण नंतरचे कित्येक महिने मी त्याच्याभोवती फिरत राहिलो, आणि मधेच कधीतरी तो पिल्लापुरता राहिला नाही.

आधी एक कबुली देतो. २८ वर्षांच्या आयुष्यात मी कुणालाही वाढलेलं नव्हतं. मला वाढलं जायचं. घरी आई आणि आजी, कॉलेजात मेसच्या मावशी, आणि नोकरी लागल्यावर फोनवरून मागवलं की दारात येणारी पिशवी. माझं काम एवढंच, की पोट भरलं की "बास" म्हणायचं. आता पहिल्यांदाच समोर असं कुणीतरी होतं, ज्याला "बास" म्हणता येत नव्हतं आणि "अजून"शिवाय दुसरं काही सुचतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. वजन २.४ किलो, दातांवरून वय अंदाजे सात आठवडे. मी तिचं नाव 'पिक्सेल' ठेवलं होतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. गोंधळलो की स्प्रेडशीट उघडतो. कुत्र्याला नुसतं पडून राहायला किती ऊर्जा लागते याचं एक रूढ गणित आहे. वजनाचा, किलोमध्ये, ०.७५ वा घात घ्यायचा आणि त्याला ७० ने गुणायचं. २.४ किलोसाठी उत्तर येतं साधारण १३५ किलोकॅलरी. चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाला याच्या सुमारे तिप्पट लागतं, कारण ते नुसतं जगत नसतं, वाढत असतं. म्हणजे ४०५. मी आणलेल्या पाकिटातल्या खाण्यात १०० ग्रॅमला ३७० किलोकॅलरी होत्या. म्हणजे दिवसाला साधारण ११० ग्रॅम. एवढ्या लहान पिल्लाचं पोट छोटं असतं, म्हणून चार वेळा विभागून, एका वेळी २७ ग्रॅम. मी किचनचा वजनकाटा मागवला आणि फार खूश झालो.

आजी तेव्हा माझ्याकडेच होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगोल्याजवळच्या गावाहून पुण्याला आली होती. एक डोळा झाला होता, दुसरा व्हायचा होता. तिने वाटी हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, हलवून बघितली.

"ही काय औषधाची मात्रा हाय व्हय?"

मी तिला गणित समजावलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आरं, लेकरू हाय ते. त्येला काय म्हाईत तुजं गणित."

*

तिसऱ्या रात्री तीन वाजता पिक्सेलला जुलाब सुरू झाले. हॉलमध्ये, पायपुसण्यावर, माझ्या लॅपटॉपच्या बॅगेवर. मी फरशी पुसत असताना आजी भिंतीला धरून उभी होती आणि काही बोलत नव्हती. तेव्हा मला कळलं. मी दार लावून मीटिंगमध्ये बसलो की ती रोज दुपारी पिक्सेलला दूध-पोळी कुस्करून देत होती. वर तूप.

पिल्लू आईचं दूध पचवतं ते लॅक्टेज नावाच्या विकराच्या जोरावर. दूध तुटत गेलं की त्याचं प्रमाण उतरत जातं. मग गाईम्हशीचं दूध बऱ्याच कुत्र्यांना बाधतं. शिवाय तुपाची एक पोळी म्हणजे धरून चाला दीडशे किलोकॅलरी. माणसाच्या ताटातली एक पोळी, तिच्या दिवसभराच्या खाण्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग. हे सगळं मी पहाटे साडेतीन वाजता, हातात फिनेलचं फडकं धरून, आजीला ऐकवलं. माझा आवाज चढला होता. "तुला कळत कसं नाही? मारशील तिला!" असंही म्हणालो.

सकाळी डॉक्टरांकडे मी तक्रारीच्या सुरात सगळं सांगितलं. त्यांनी आधी पिक्सेलची पातळ झालेली कातडी चिमटीत धरून पाणी किती कमी झालंय ते पाहिलं, मग पोट दाबलं. बरगड्या दिसत होत्या आणि पोट मात्र ढोलकीसारखं. आजीला ते पोट बघून वाटायचं, आता जरा खाल्लेलं दिसतंय. डॉक्टर म्हणाले, जंत असणार. लहान पिल्लांना बहुतेक वेळा आईकडूनच मिळतात. औषध दिलं, पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायला सांगितलं. मी स्प्रेडशीट दाखवायला फोन पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला.

"वाटीकडे बघू नका, कुत्रीकडे बघा," ते म्हणाले. "हाताची मूठ वळा आणि दुसऱ्या हाताची बोटं मुठीच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर ती उपाशी आहे. आता मूठ उघडा, तळव्यावरून बोट फिरवा. अशा लागल्या तर लठ्ठ. आणि आता हात सरळ ठेवून मागच्या बाजूने. हाडं दिसत नाहीत, पण बोटाला कळतात. असं पाहिजे. दर आठवड्याला बघा आणि त्याप्रमाणे वाटी कमी-जास्त करा. तुमचं गणित सुरुवातीला ठीक आहे. पुढचं तीच सांगेल."

वाचताय तिथेच हे करून बघा, दहा सेकंद लागतात.

मला जरा अपमान वाटला. पण मुद्दा बरोबर होता. माझ्या सूत्राचं उत्तर हा एक अंदाज होता. त्याच वजनाच्या दोन पिल्लांची गरज बरीच वेगळी असू शकते. पाकिटावरचा तक्ता तर पिल्लू मोठं झाल्यावर किती किलोचं होईल ते विचारत होता, आणि स्कूटरखाली सापडलेल्या पिल्लाच्या आईबापांची मापं कुणाला माहीत? आजीने तिचे डोळे बघितले. मी काटा बघितला. बरगड्यांना हात दोघांनीही लावला नव्हता.

*

आजीबद्दल अजून एक सांगायला हवं, कारण तिच्यावर अन्याय होतोय. भाकरी ही कुत्र्याच्या बाबतीत चूक नाही. २०१३ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. पिष्टमय पदार्थ पचवणारं विकर तयार करणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती होत्या. कुत्र्यांमध्ये चारपासून तीसपर्यंत. म्हणजे माणसाच्या दारात, माणसाच्या धान्यावर, हजारो वर्षं राहून कुत्र्याचं पोट बदललं. आपल्याकडे गावात शेवटची भाकरी कुत्र्याची असते. ती रीत नुसती दया नव्हे, फार जुना करार आहे. नुसत्या भाकरीवर वाढत्या पिल्लाला पुरेसं प्रथिन आणि कॅल्शियम मिळत नाही, हेही खरं. कांदा-लसूण, द्राक्षं-मनुका, चॉकलेट हे त्याला विषासारखं आहे आणि शिजवलेलं हाड तुटून आतड्यात टोचू शकतं, हेही खरं. पण "माणसाचं अन्न वाईट, पाकिटातलं चांगलं" एवढं ते सोपं नाही.

आणि अन्याय होतोय याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे.

ऑगस्टच्या शेवटी मी स्प्रेडशीटमध्ये दोन महिन्यांची नोंद बघत बसलो होतो. एक कॉलम 'ठरलेलं', दुसरा 'प्रत्यक्ष दिलेलं'. आजी मधे पडत नव्हती तरी फरक राहत होता. काही दिवशी २०, काही दिवशी ४० ग्रॅम जास्त. ते जास्तीचं मीच दिलं होतं आणि प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं होतं. सवयीने मी ते कॉलम बाकीच्या आकड्यांशी ताडून पाहिले. तिच्या वजनाशी काही संबंध लागेना. तिच्या खेळण्या-पळण्याशी लागेना. मग कॅलेंडर उघडलं. ज्या दिवशी मला ऑफिसात रात्रीचे नऊ-दहा वाजले, त्या जवळजवळ प्रत्येक दिवशी वाटीत जास्त पडलं होतं.

मी तिच्या भुकेला खायला घालत नव्हतो. दिवसभर तिला एकटं टाकल्याची जी टोचणी होती, तिला घालत होतो. ती शेपूट हलवत वाटी चाटून पुसून ठेवायची आणि मला वाटायचं, चला, फिटलं.

आजीची दूध-पोळी आणि माझे ते ४० ग्रॅम यांत फरक एवढाच होता की माझ्याकडे वजनकाटा होता.

मला वाटतं, खायला घालण्यातला खरा नैतिक पेच इथे आहे. जो पूर्णपणे आपल्यावर अवलंबून असतो, त्याला देताना आपलं मन इतकं लगेच भरतं, की पोट कुणाचं भरतंय हे विचारायचं राहून जातं. देणाऱ्याला "मी प्रेम करतो" ही पावती ताबडतोब मिळते. घेणाऱ्याचे सांधे झिजतात ते पाच वर्षांनी. या दोन तारखांमधलं अंतर इतकं मोठं आहे, की त्यांचा एकमेकींशी संबंध आहे हेच लक्षात येत नाही.

नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. कुत्र्याने भाकरी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, की देवा, कोरडी खाऊ नकोस. मी ती गोष्ट कायम तुपाची समजत होतो. आता वाटतं ती धावण्याची आहे. भाकरी पळवली गेल्यावर आपलं काय गेलं हे न बघता समोरच्याला काय कमी पडेल हे त्यांना दिसलं. तूप हे त्या दिसण्याचं उत्तर होतं. मी आणि आजीने दिसण्याची पायरी गाळली आणि थेट तूप ओतलं.

*

पण याचा अर्थ मोजून देणं म्हणजेच प्रेम, असा होतो का? त्यावरही माझं मन लवकर बसेना.

२००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रसिद्ध अभ्यास आहे. ४८ लॅब्राडोर, एकाच विणीतल्या जोड्या केलेल्या. पिल्लू असल्यापासून मरेपर्यंत जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला दिलं. भरपूर खाणाऱ्यांचं मध्यम आयुष्य ११.२ वर्षं भरलं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांधेदुखीही त्यांच्यात उशिरा आली. कुत्र्याच्या हिशेबात जवळजवळ दोन वर्षं म्हणजे फार. लठ्ठपणाच्या विरोधात याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

तरी मला तो वाचताना त्या २४ कमी खाणाऱ्या कुत्र्यांचा विचार येत राहिला. त्यांच्या बाजूला त्यांचं भावंड जास्त खात होतं. त्यांना रोज थोडी भूक राहत असेल का? असेल तर, १३ वर्षांची थोडीशी भूक आणि ११ वर्षांचं भरलेलं पोट, यातलं काय घ्यायचं हे त्यांना कुणी विचारलं? विचारता येणारच नव्हतं, हे मान्य. पण विचारता येत नाही म्हणून ठरवण्याचा हक्क आपोआप आपल्याकडे येतो का?

मी स्वतःला दिलेलं उत्तर असं आहे. पिक्सेलच्या डोक्यात उद्या नाही. तिच्या भुकेला फक्त 'आत्ता' माहीत आहे. तिच्यापुढे १३ वर्षं ठेवून निवड करायला सांगता येत नाही, म्हणून तिचा उद्या दुसऱ्या कुणाला तरी सांभाळावा लागतो. आणि तो 'दुसरा' मीच का, तर मी फ्लॅटचं दार लावून घेतलं म्हणून. पार्किंगमध्ये ती काय खाईल हे तिचं तिने शोधलं असतं, चांगलं किंवा वाईट. दार लावून मी तिचं शोधणं संपवलं. हक्क आला असेल तर तो प्रेमातून आलेला नाही, लावलेल्या दारातून आला आहे. म्हणून तो वापरताना फुशारकी नको, थोडी लाज असलेली बरी. ती वाटी चाटून माझ्याकडे बघते आणि मी नाही म्हणतो, तेव्हा तिचा आत्ताचा आनंद मी तिला न विचारता काढून घेत असतो. बरोबर करत असलो तरी काढून घेत असतो.

हे उत्तर मला पटलं होतं. इतकं पटलं, की मी ते आजीला लावून बघितलं.

*

आजीला १५ वर्षांपासून साखर आहे. दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनआधी ती आटोक्यात यायला हवी होती. मी स्प्रेडशीटमध्ये नवीन टॅब उघडला. सकाळची साखर, रात्रीची साखर, पोळ्या किती, भात किती. तिचा गुळाचा चहा बंद केला. गुळाचा डबा वरच्या कपाटात ठेवला, जिथे तिचा हात पोचत नाही. हेतू चांगला होता. आकडेही सुधारत होते.

एका संध्याकाळी मी आधी पिक्सेलची वाटी काट्यावर ठेवली, मग त्याच काट्यावर आजीचा भात. आजी टेबलापाशी बसून बघत होती.

"मी काय तुजं कुत्रं हाय व्हय रं?"

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. मी हसण्यावारी न्यायला बघितलं, पण ती हसली नाही. म्हणाली, "मोजून द्याचं मला नगं शिकवूस. मी लई मोजलंय."

मग तिने ७२ सालचं सांगितलं. दुष्काळाचं मी ऐकून होतो. खडी फोडायला जायचे, सुकडी मिळायची, लाल मिलोच्या भाकरी खाव्या लागायच्या, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. वाघ्याचं मात्र कधी ऐकलं नव्हतं. वाघ्या घरचा कुत्रा. त्याची रोज एक भाकरी ठरलेली. त्या वर्षी ती आधी अर्धी झाली. मग चतकोर झाली. आजीच तोडून द्यायची. माझे वडील तेव्हा पाळण्यात होते आणि थोरली आत्या चार वर्षांची. एक दिवस चतकोरही बंद केली.

"भुंकायचा न्हाई," आजी म्हणाली. "मागायचाबी न्हाई. दारात बसायचा निस्ता. त्येला कळलं हुतं की न्हाईये. मग एक दिस दिसलाच न्हाई."

पिक्सेल खाली तिच्या पायावर हनुवटी ठेवून बसली होती. भात गार होत होता.

मी गप्प राहिलो, कारण त्या दूध-पोळीत काय होतं ते मला आत्ता दिसत होतं. मी मोजत होतो ते पाकीट भरलेलं असताना. माझ्या २७ ग्रॅमच्या मागे अडीच किलोची पिशवी उभी होती. आजीने मोजलं होतं ते डबा रिकामा असताना, आणि तिने मोजलेल्या प्रत्येक तुकड्यातून दुसऱ्या कुणाचा तरी तुकडा वजा होत होता. ज्या बाईला एकदा दारातल्या जिवाला "नाही" म्हणावं लागलं, तिच्या हातून पन्नास वर्षांनी तूप जास्त पडलं, तर त्याला अडाणीपणा म्हणणारा मी कोण? तीही कदाचित स्वतःच्याच कशाला तरी खायला घालत होती. पण ते माझ्या उशिरा येण्यापेक्षा फार मोठं होतं.

आणि तिचा प्रश्न बरोबर होता. पिक्सेलबाबत मी स्वतःला जे कारण दिलं होतं ते आजीला लागू पडत नव्हतं. आजीच्या डोक्यात उद्या होता. कालही होता, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त. साखरेने डोळे जातात हे तिला कळत होतं, गुळाचा चहा काय असतो हेही कळत होतं. दोन्ही तराजूत टाकून ठरवायचं काम तिचं होतं. माझं काम फार तर दोन्ही पारडी तिच्यासमोर नीट ठेवण्याचं. मी डबा वरच्या कपाटात ठेवून तिची निवडच उचलून ठेवली होती. जो उद्याचा विचार करू शकत नाही त्याच्यासाठी तो करणं ही जबाबदारी आहे. जो करू शकतो त्याच्यासाठी तो परस्पर करून टाकणं म्हणजे त्याला पिल्लू समजणं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. काटाही तोच असतो.

मी उठून गुळाचा डबा खाली काढला आणि तिच्यासमोर ठेवला. तिने झाकण उघडलं, बघितलं, लावून टाकलं. "आप्रेशन झाल्यावर," म्हणाली. तिने ठरवलेलं ते असं होतं. मला वाटलं होतं त्याहून कडक.

*

त्यानंतर आम्ही एक तडजोड केली. पिक्सेलची संध्याकाळची वाटी आजीने भरायची. त्यात भाकरीचा एक तुकडा, दूध-तूप न लावता, आणि तेवढं पाकिटातलं कमी. मी तो तुकडा स्प्रेडशीटमध्ये धरला. दर रविवारी बरगड्या बघायच्या. हे काम करायला आजी माझ्यापेक्षा चांगली निघाली. एका डोळ्यावर अजून पडदा होता, पण आयुष्यभर गाईगुरांवरून आणि नातवंडांवरून फिरलेल्या हाताला डोळ्यांची गरज नव्हती. ती पिक्सेलच्या कुशीवरून एकदाच हात फिरवायची आणि सांगायची, "वाईच कमी झालीया," किंवा "न्हाई, आता बरूबर हाय." मी नंतर काट्यावर ताडून बघायचो. बहुतेक वेळा जुळायचं.

मराठीत 'वाढणं' हे क्रियापद दोन कामं करतं. ताटात वाढतात, आणि पोर वाढतं. मला ते आधी कधी खटकलं नव्हतं. आता वाटतं, पहिल्या वाढण्याने दुसरं वाढणं होतंय का, हे मधूनमधून हात लावून बघायला लागतं. नाहीतर पहिलंच चालू राहतं.

दिवाळीनंतर आजी गावी गेली. पिक्सेल आता साडेअकरा किलोची आहे आणि दोन वेळा खाते. मला अजूनही ऑफिसात उशीर होतो, आणि रात्री घरी आलो की हात पिशवीकडे जातो. तेव्हा मी आधी तिच्याजवळ खाली बसतो, बरगड्यांवरून हात फिरवतो. बहुतेक वेळा तिला खाणं नको असतं. चपलेचा अंगठा चावायला कुणीतरी हवं असतं.

आजीचा फोन रात्री साडेनऊला येतो. आधी विचारते, "पिक्शी जेवली का?" मग विचारते, "तू जेवलास का?" किती, ते विचारत नाही.